चामड्याची वेणी शिकायची तर पुस्तक कसं निवडायचं

चामड्याचं विणकाम शिकायला निघालेल्या माणसाचं पहिलं पुस्तक बहुतेक वेळा चुकतं. पुस्तक चांगलंच असतं, पण ते दुसऱ्या कातड्यासाठी, दुसऱ्या हवेसाठी आणि हात आधीच बसलेल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. गोव्यात, डिचोलीत माझ्याकडे विचारायला येणारे बरेच जण जाडजूड कोश काखेत घेऊन येतात. पहिली वीस-पंचवीस पानं हाताळून मऊ झालेली, पुढची सगळी कोरी. म्हणून खालचा क्रम. तो उलटा करू नका. पुस्तक विकत घेणं यात बऱ्याच उशिरा येतं आणि ते तसंच यायला हवं.

१. आधी वस्तू, मग पुस्तक

कागदावर एकच वस्तू लिहा. लांबी किती, जाडी किती, रोज भिजणार की कोरडी राहणार. "चामड्याचं काहीतरी विणायचंय" एवढ्यावर पुस्तक निवडता येत नाही. "कुत्र्याची दोरी, १२० सेंटिमीटर, चार पेडांची, पावसातही वापरणार" असं लिहिलंत की निम्मी पुस्तकं आपोआप बाजूला पडतात.

या विषयावरची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत. त्यांची ढोबळमानाने तीन घराणी समजा. अमेरिकेच्या पश्चिमेकडचं घराणं घोड्याच्या सामानाचं. लगाम, रिआटा म्हणजे लांब फासदोर, बोसाल म्हणजे घोड्याच्या नाकावरून जाणारं कडं. तिथे कच्च्या कातड्यावर भर असतो. ऑस्ट्रेलियाचं घराणं चाबकाचं. कांगारूचं पातळ पण चिवट कमावलेलं चामडं आणि त्याच्या बारीक वाद्या, म्हणजे लांब कापलेल्या पट्ट्या. तिसरं अर्जेंटिनाचं, गाउचो म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचं, स्पॅनिशमधलं. त्यात कच्च्या कातड्याची बारीक नक्षी आणि गाठी फार सुंदर असतात. पिशवीचा बंद विणायचा असेल तर घोड्याच्या सामानाच्या पुस्तकातली निम्मी पानं तुमच्या उपयोगाची नाहीत, हे आधी कळलेलं बरं.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकन लेखक या कामाला 'ब्रेडिंग' म्हणतात, ऑस्ट्रेलियन लेखक 'प्लेटिंग'. एकच शब्द टाकून शोधलंत तर दुसरं घराणं दिसतच नाही.

तपासा: वस्तूचं वर्णन एका ओळीत झालं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. कमावलेलं चामडं की कच्चं कातडं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

कच्चं कातडं म्हणजे केस आणि मांस काढून ताणून वाळवलेलं, न कमावलेलं कातडं. इंग्रजीत रॉहाइड. घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर जे असतं ते, तबल्याच्या पुडीला असतं ते. कमावलेलं चामडं म्हणजे कोल्हापुरी चपलेचं. एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ही दोन्ही नावं शेजारीशेजारी छापलेली असतात, म्हणून लोकांना वाटतं की वादी कसलीही घ्या, विणायची रीत तीच. वेणीची चाल तीच असते हे खरं. बाकी सगळं वेगळं.

कमावलेली वादी कोरडी किंवा किंचित ओलसर विणतात. कच्च्या कातड्याची वादी कोरडी विणताच येत नाही, ती वळताना मोडते. ती भिजवायची, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ओल आतपर्यंत सारखी मुरू द्यायची, आणि वरचं पाणी गेल्यावर विणायची. वाळताना ती आकसते आणि वेणी घट्ट धरते. पण जास्त ओली विणलीत तर हाताखाली ती ताणली जाते, फुगलेली असते, आणि वाळल्यावर पेडांमध्ये फटी पडतात. "बरोबर ओली" म्हणजे किती, हे पुस्तकात एका वाक्यात असतं आणि हाताला कळायला महिने लागतात.

मला ते फोंड्याला तबल्याच्या पुड्या बसवणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे कळलं. पुडीच्या कडेचा गजरा म्हणजे वाद्यांची वेणीच असते. त्यांनी फडक्यातून वादी काढली, मांसाकडच्या बाजूवर अंगठ्याचं नख दाबलं आणि माझ्यासमोर धरली. "नखाची खूण उठली पाहिजे, पाणी उठता कामा नये." मी तीच वादी दाबून पाहिली. नखाखाली थंडगार, मेणासारखी, आणि बोट काढल्यावर कोरडं. इतकं नेमकं मोजमाप मला छापील पानावर मिळालं नव्हतं.

आता आपली हवा. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पुस्तकं कोरड्या मुलखात लिहिलेली आहेत. "रात्रभर वाळू द्या" असं त्यात सहज लिहिलेलं असतं. जुलैत सत्तरीत किंवा डिचोलीत कातडं रात्रभरात वाळत नाही, आठवड्यातही नाही. मी एकदा जुलैच्या मध्यावर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा छोटा गोफ विणून, पुस्तकात होतं तसा खुंटीला टांगला. चौथ्या दिवशी पेडांच्या खाचांत राखाडी बुरशी आणि वास. तो फेकावा लागला. पुस्तकाचं चुकलं नव्हतं. ते गोव्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: गोव्यात शिकणाऱ्याचं पहिलं पुस्तक कमावलेल्या चामड्याचं असावं. कच्च्या कातड्याचं प्रकरण असेल तर ते डिसेंबरसाठी राखून ठेवा. जून ते सप्टेंबर दोरी आणि चामड्यावर हात बसवायचा.

चामड्यातही पुस्तकातलं जनावर आणि आपल्याकडे मिळणारं जनावर एक नसतं. वासरू किंवा कांगारू लिहिलेलं असेल तिथे आपल्याकडे बारीक कामाला बकरीचं आणि जाड कामाला म्हशीचं चामडं घ्यायचं. आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलात तर वनस्पतीने कमावलेलं चामडं पाहायला आणि हाताळायला मिळतं. विणकामाला ते बरं, कारण वादीच्या कडा तासल्या की तशाच राहतात. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक असतं, ओढलं की रबरासारखं लांबतं. पुस्तक या दोन प्रकारांतला फरक सांगत नसेल तर ते नवशिक्यासाठी नाही.

सावधान: घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते कातडं कोणी देऊ केलं तरी हात लावू नका. आता घुमटाला बकरीचं कातडं लावतात आणि पातळ कच्च्या कातड्यावर हात बसवायला तेच योग्य आहे.

सावधान: काही पुस्तकांत केस काढण्यासाठी चुन्याच्या पाण्याची कृती असते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. चुना हात भाजतो, डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका. केस काढलेलं, वाळवलेलं कातडंच आणा.

३. पुस्तकाआधी सरावाचं सामान

पुस्तकाची परीक्षा हाताने घ्यायची आहे, म्हणून हे सामान आधी:

चार वेगवेगळ्या रंगांची गोल दोरी, चार मिलिमीटर जाडीची, प्रत्येकी दीड मीटर. स्वयंपाकघरातलं लाटणं. कागद चिकटवायची पट्टी, काही टाचण्या, मोजपट्टी.

आणि रेक्झिनच्या कातरणी. ही युक्ती पुस्तकांत सापडत नाही. म्हापशाला किंवा तुमच्या गावात गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याकडे रेक्झिनचे तुकडे पडलेले असतात. त्याच्या सहा मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. दोरी गोल असते, तिला सुलटी-उलटी बाजू नसते. चामड्याला असते. वळताना वादी पलटी खाल्ली की वेणीत मांसाकडची खरखरीत बाजू वर येते आणि काम नासतं. रेक्झिनलाही सुलटी बाजू असल्यामुळे ही चूक स्वस्तात पकडता येते.

वेगवेगळे रंग का, ते ज्याने शिगम्यात गोफ पाहिला आहे त्याला सांगायला नको. मांडवाच्या मध्यातून लोंबणारे रंगीत गोंडे हातात धरून नाचणारे आधी गोफ विणतात आणि मग उलट्या पावलांनी तोच गोफ उकलतात. उकलता येतो, कारण कोणता रंग कुठून गेला ते प्रत्येकाला दिसतं. सरावात तुम्हालाही तेच करायचं आहे. विणा आणि मग एकेक चाल मागे जात उकला.

४. नमुना पानं वाचा

आता दुकानाच्या संकेतस्थळावर दिसणारी नमुना पानं किंवा कोणाकडून उसनं मिळालेलं पुस्तक समोर घ्या. पूर्ण झालेल्या वस्तूंचे देखणे फोटो बघू नका. ते विकण्यासाठी असतात. पुढच्या गोष्टी बघा.

आकृतीतली खालून जाणारी वादी. चांगल्या रेखाचित्रात वादी खालून जाते तिथे रेघ तुटते. ही तुटलेली जागा म्हणजे सगळी माहिती. फोटोत हीच गोष्ट सावलीत हरवते, विशेषतः काळ्या-तपकिरी चामड्यावर. म्हणून मी फोटोंपेक्षा रेखाचित्रांना आधी मत देतो. फोटो असतील तर वाद्या दोन ठळक रंगांच्या हव्यात.

याच कारणाने मोबाइलवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफ वापरू नका. चोरीचा प्रश्न आहेच. शिवाय वाईट स्कॅनमध्ये ती तुटलेली रेघ शाईने भरून जाते, वर की खाली ते कळत नाही, आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो.

वादी कापण्याचं प्रकरण. याविना पुस्तक अपुरं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा भाग सैल आणि ताणणारा, हे त्यात आहे का? कडा तासणं आहे का? सगळ्या वाद्या एका जाडीच्या करणं आहे का? वेणी सुबक दिसते ती निम्मी रापीच्या, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराच्या, पात्यावर ठरते. गोल चकतीतून एकसलग लांब वादी कशी काढायची, हेही हवं. त्याचं गणित लेखकाला येतं का ते तुम्ही स्वतः पडताळू शकता: चकतीचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी. २० सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर, वादी अर्धा सेंटिमीटर रुंद, म्हणजे सुमारे सहा मीटर. मधला थोडा भाग वाया जातो. पुस्तकातला आकडा याच्या आसपास नसेल तर लेखकाने चकती कापून पाहिलेली नाही.

लांबीचा हिशेब. प्रत्येक वस्तूपुढे वाद्यांची कापायची लांबी दिली आहे का? चार पेडांच्या गोल वेणीला मी तयार लांबीच्या दीडपट धरतो. वादी रुंद आणि वेणी घट्ट असेल तर जास्त. पुस्तकात नुसतं "पुरेशी लांब" लिहिलं असेल तर ठेवून द्या. वादी शेवटी चार बोटं कमी पडणं हे नवशिक्याचं सगळ्यात महागडं दुःख आहे.

चूक सुधारणं. कोणत्या पानावर "इथे असं झालं असेल तर" असं लिहिलंय? असं एकही वाक्य नसेल तर लेखकाने कोणाला शिकवलेलं नाही.

शेवट कसा करायचा. सुरुवात सगळे दाखवतात. वाद्यांची टोकं कुठे दडवायची हे दाखवणारे थोडे.

५. टेबलावरची परीक्षा

नमुना पानांत चार पेडांची गोल वेणी बहुधा असतेच. व्हिडिओ बंद ठेवा. फक्त पान आणि दोरी. अर्धा तास द्या.

चाल अशी असते: सगळ्यात बाहेरची डावी वादी घ्या, शेजारच्या दोन वाद्यांच्या मागून न्या, आणि परत येताना एकीवरून आपल्या बाजूला आणा. मग बाहेरची उजवी, तसंच उलट. मी इथे शब्दांत सांगितलं आणि कदाचित तुमच्या डोळ्यांपुढे नीट आलं नसेल. पुस्तकाच्या आकृतीचं काम तेच आहे. अर्ध्या तासात ती आकृती तुमच्या हातांकडून दहा सेंटिमीटर सरळ वेणी करून घेते का, एवढंच बघायचं.

तपासा: कधीही थांबा, दोन वाद्या डावीकडे आणि दोन उजवीकडे हव्यात. तीन-एक झाल्या की मागची चाल चुकली. उकला.

दुसरी परीक्षा लाटण्यावर. मुठी, कडी, जोड झाकायला जी गोल गाठ वापरतात तिला टर्क्स हेड म्हणतात. लाटण्यावर एकाच दोरीने तीन पदर आणि कडेला पाच वळसे असलेली गाठ पुस्तकातून करून बघा. सोबत हेही शोधा की पुस्तक नियम सांगतं का: एकाच दोरीने गाठ पुरी व्हायची असेल तर पदर आणि वळसे यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नको. तीन पदर-पाच वळसे होते, पाच पदर-चार वळसे होते, चार पदर-सहा वळसे एका दोरीने कधीच होत नाही. मी पाहिलेल्या एका शिकाऊ मुलाने चार-सहाची गाठ करायला अख्खा रविवार घालवला, कारण त्याच्या पुस्तकात गाठींची चित्रं भरपूर होती, पण हा नियम कुठेच नव्हता.

दोरी किती घ्यायची ते इथेच मोजून ठेवा. लाटण्याचा घेर १२ सेंटिमीटर असेल तर पाच पदरांच्या गाठीला ६० सेंटिमीटर, वर तिसरा हिस्सा जास्त, म्हणजे ८०.

डावखुऱ्यांसाठी: पानाचा फोटो काढून मोबाइलवर आरशासारखा उलटा करा आणि त्यावरून विणा. त्यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही.

सावधान: एका बैठकीत जमलं नाही म्हणून पुस्तक नाकारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा करा. दोनदा अडकलात आणि दोन्ही वेळा एकाच आकृतीवर अडकलात, तर ती आकृती वाईट आहे.

६. मापं बदलून ठेवा

अमेरिकन पुस्तकं इंचात आणि औंसात बोलतात. चामड्याचा औंस म्हणजे इथे वजन नव्हे, जाडी. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. चार औंस म्हणजे १.६ मिलिमीटर, आठ औंस म्हणजे ३.२. रुंदीत पाव इंच म्हणजे ६.४ मिलिमीटर, एक अष्टमांश इंच ३.२. हे कोष्टक पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलीने लिहा. आपल्याकडे चामडं वर्गफुटावर विकतात आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. दुकानात "चार औंस" म्हटलंत तर काहीतरी भलतंच हातात येईल.

७. नावाजलेल्या पुस्तकांची जागा

ब्रूस ग्रँट यांचा १९७२ सालचा कच्चं कातडं आणि चामडं विणण्याचा कोश सगळेच सुचवतात. तो चांगला आहे आणि त्याची जागा दुसऱ्या वर्षात आहे. कोश शोधण्यासाठी असतो. "अमुक गाठ कशी" हे विचारता येण्याइतकं कळलं की तो उघडा. पहिल्या महिन्यात तो पानापानाने करायला घेतलात तर काय होतं ते वर सांगितलं.

क्लिफर्ड अ‍ॅशली यांचा १९४४ चा गाठींचा ग्रंथही तसाच. ३८०० हून अधिक नोंदी, गोफ आणि टर्क्स हेडवर भरपूर मजकूर. पण तो दोरखंडाचा ग्रंथ आहे. वादीला सुलटी-उलटी बाजू असते, वादी तासावी लागते, याबद्दल त्यात शोधू नका. आकृती वाचायला शिकण्यासाठी मात्र उत्तम.

अर्जेंटिनाच्या पुस्तकांबद्दल गोव्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे. घरात किंवा शेजारी पोर्तुगीज जाणणारी वडीलधारी माणसं असतील तर स्पॅनिश पान त्यांना बरंचसं लागतं. पोर्तुगीज 'त्रांसा' आणि स्पॅनिश 'त्रेन्सा', दोन्ही म्हणजे वेणी. कातड्याच्या वादीला तिथे 'तिएन्तो' म्हणतात, तेवढा शब्द आधी सांगून ठेवा. बाकी आकृत्या स्वतः बोलतात.

एका वेळी एकच पुस्तक घ्या. दोन पुस्तकं एकाच वेणीला दोन वेगळ्या चाली देतात. दोन्ही बरोबर असतात, आणि त्यांची सरमिसळ केली की वेणी बिघडते.

८. कागद आणि बांधणी

विणताना दोन्ही हात अडकलेले असतात. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहिलं पाहिजे. स्पायरल बांधणी असेल तर उत्तम, शिवलेली चालेल, डिंकाने चिकटवलेली पाठ दोन पावसाळ्यांत सुटते.

चकचकीत कागद शक्यतो टाळा. ऑगस्टमध्ये माझ्या एका पुस्तकाची दोन गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली. हळूच सोडवताना आठ पेडांच्या वेणीच्या आकृतीचा अर्धा भाग समोरच्या पानावर निघून गेला. खरखरीत कागदाचं असं होत नाही.

पावसाळ्यात पुस्तक आणि कातडं एका कपाटात ठेवू नका. कातड्याची ओल आणि बुरशी कागदावर येते, आणि तेल लावलेल्या वादीचे डाग पानावर उठतात. पुस्तक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. विणताना लागणारी दोन-तीन पानं झेरॉक्स करून भिंतीवर लावा. ओल्या, साबण लागलेल्या हातांनी उलटायची ती, मूळ पुस्तक नव्हे. प्रत्येक झेरॉक्सच्या मार्जिनमध्ये तारीख, कातडं कोणतं, वादी किती मिलिमीटरची, किती लांब कापली आणि किती उरली एवढं लिहा. पुढच्या वेणीची लांबी मी त्या मार्जिनवरूनच धरतो.